नागपुरातील फ्लॅट स्कीमच्या समित्यांना खुले पत्र : संप, गटार आणि मुलांच्या पोटातला जिआर्डिया

प्रति,
नागपूर शहरातील फ्लॅट स्कीम, अपार्टमेंट व गृहनिर्माण संस्थांचे
अध्यक्ष, सचिव आणि समिती सदस्य

विषय : पावसाळा लागण्यापूर्वी पाण्याचा संप (जमिनीखालची साठवण टाकी) व गच्चीवरची टाकी तपासून जिआर्डिया या आतड्यातील परजीवीचा संसर्ग टाळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

नवतपा सुरू आहे. नळ किती वाजता येणार, टँकर मिळणार का आणि संप किती भरला, याखेरीज आपल्या समित्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या दुसरा विषय नाही, याची मला कल्पना आहे. तरीही याच दिवसांत हे पत्र लिहीत आहे, कारण पाणी कमी असताना आपण जे करतो आणि मृगाचा पाऊस पडू लागल्यावर जे करायचे राहून जाते, त्या दोन्हींमुळे एक सूक्ष्म परजीवी आपल्या इमारतींतील मुलांच्या पोटात शिरतो, आणि तो शिरला आहे हे कळायला घरच्यांना कित्येक आठवडे लागतात. त्याचे नाव जिआर्डिया. नागपुरातील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी ३१ वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केले आणि त्या काळातील माझ्या कामाचा मोठा भाग शौचाचे नमुने मायक्रोस्कोपखाली पाहण्यात गेला. मी डॉक्टर नाही. मी जे रोज पाहिले आणि निवृत्तीनंतर माझ्या स्वतःच्या इमारतीत जे घडले, त्याच्या आधारावर हे लिहीत आहे.

नमुना आला की त्यातला काडीच्या टोकावर मावेल एवढा अंश काचपट्टीच्या एका बाजूला सलाईनच्या थेंबात आणि दुसऱ्या बाजूला आयोडीनच्या थेंबात कालवायचा आणि वर पातळ काच ठेवायची, ही आमची नेहमीची पद्धत होती. नमुना अगदी ताजा आणि पातळ असेल तर सलाईनच्या बाजूला कधीकधी जिवंत जिआर्डिया दिसतो. उभ्या चिरलेल्या नाशपतीच्या फोडीसारखा त्याचा आकार असतो, दोन केंद्रकांमुळे तो दोन डोळ्यांनी आपल्याकडेच पाहत आहे असा भास होतो, आणि झाडावरून गळालेले पान जसे डोलत, गिरक्या घेत खाली येते तशी त्याची चाल असते. आयोडीनच्या बाजूला बहुधा त्याची दुसरी, कवचबंद अवस्था सापडते, जिला सिस्ट म्हणतात. ही सिस्ट लांबट गोल असते, तिच्या आत चार केंद्रके दिसतात आणि तिची लांबी ८ ते १२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास भरते. आपण घरी पाणी गाळायला जे सुती फडके वापरतो, त्याच्या दोन धाग्यांमधून अशा शेकडो सिस्ट एका वेळी सहज निघून जातील. १६८१ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट येथे सूक्ष्मजीवांचे आद्य निरीक्षक लेव्हेनहूक यांनी स्वतःच्याच शौचाचा नमुना भिंगाखाली धरला असताना हा जीव प्रथम पाहिला, असे मानले जाते. साडेतीनशे वर्षे होत आली, तरी या विषयावर बोलताना आपला आवाज खाली जातो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

सर्व त्रासाचे मूळ या सिस्टमध्ये आहे. आजारी माणसाच्या शौचातून रोज कोट्यवधी सिस्ट बाहेर पडू शकतात, आणि त्या बाहेर पडल्या क्षणापासून दुसऱ्याला बाधा करण्यास समर्थ असतात. थंड पाण्यात त्या दोन-तीन महिने तग धरतात. आपल्याकडच्या कोमट पाण्यात त्यांचे आयुष्य कमी असले, तरी गटारातून संपात आणि संपातून पेल्यात पोहोचायला जेवढा वेळ लागतो त्या मानाने ते पुष्कळच आहे. केवळ १० सिस्ट पोटात जाणेही संसर्गाला पुरेसे ठरते. जठरातील आम्लामुळे मरण्याऐवजी त्या तिथेच उघडण्याच्या तयारीला लागतात, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात प्रत्येक सिस्टमधून दोन जीव बाहेर येतात आणि ते दुभागत दुभागत वाढतात. त्यांच्या पोटाच्या बाजूला चोषक चकतीसारखा एक अवयव असतो, त्याने ते आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतात. ते रक्तात शिरत नाहीत आणि आतड्याची भिंत फोडूनही जात नाहीत, त्यामुळे ताप बहुधा येत नाही आणि शौचातून रक्त पडत नाही. मात्र अन्नातील सत्त्व शोषून घेणारे आतड्याचे सूक्ष्म उंचवटे त्यांच्यामुळे खुरटतात, स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, आणि मग शौच पातळ, फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारे, भांड्याला चिकटणारे आणि अत्यंत दुर्गंधीयुक्त होते. पोट फुगते, गुरगुरते, सडक्या अंड्यासारख्या वासाचे ढेकर येतात, मळमळते, भूक मरते आणि वजन उतरते. मुलांमध्ये हे लांबले तर त्यांची वाढ खुंटते. ज्यांना रक्त पडते, आव पडते किंवा जोराचा ताप येतो, त्यांचे कारण बहुधा वेगळे असते आणि त्यांनी एक दिवसही न थांबता डॉक्टरांकडे जावे.

सिस्ट पोटात गेल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत साधारण एक ते दोन आठवडे जातात, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. आज पोट बिघडले की आपण काल काय खाल्ले ते आठवतो आणि कोपऱ्यावरच्या ठेल्याला दोष देऊन मोकळे होतो. या आजारात दोष शोधायचा तर पंधरा दिवस मागे जावे लागते, आणि पंधरा दिवसांपूर्वी आपण कुठले पाणी प्यायलो होतो याची आठवण कोणीच ठेवत नाही.

आता माझ्या इमारतीतील हकीकत सांगते. आमची स्कीम १६ फ्लॅटची आहे, पार्किंगच्या फरशीखाली संप आहे आणि गच्चीवर टाकी. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आठ वर्षांच्या मुलाला महिनाभर दिवसातून तीन-चार वेळा पातळ होत होते. मध्येच चार दिवस बरे वाटायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. त्याच्या आईने आधी पाणीपुरी बंद केली, मग दूध बंद केले, मग डब्यातले पदार्थ बदलले. शाळेत ऑगस्टमध्ये मिळालेली जंताची गोळी त्याने घेतली होती, त्यामुळे पोटात जंत नाहीत याविषयी घरचे निर्धास्त होते. तान्हा पोळ्याच्या संध्याकाळी बाकीची मुले लाकडी नंदी सजवून गेटपाशी जमली, तेव्हा तो आपला नंदी मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. त्याची हाफपँट कमरेला चुणी घालून सेफ्टी पिनने अडकवलेली होती. मी त्याच्या आईला बाजूला नेऊन विचारले की शौचाला फार वास येतो का, ते पाण्यावर तरंगते का. तिने आधी आजूबाजूला पाहिले आणि मग हळूच म्हणाली, “हो काकू. पण असं कोणाला सांगायचं?”

पहिल्या नमुन्यात काही सापडले नाही. दोन दिवसांनी दिलेल्या दुसऱ्यातही नाही. तिसऱ्या नमुन्यात सिस्ट दिसल्या. जिआर्डियाच्या सिस्ट रोज सारख्या प्रमाणात पडत नाहीत, काही दिवस मुळीच पडत नाहीत, म्हणून एका नमुन्याचा अहवाल निरंक आला तर त्याचा अर्थ फक्त त्या दिवशी सापडल्या नाहीत एवढाच घ्यायचा असतो. एक-एक दिवस सोडून तीन नमुने द्यावेत आणि ते ताजे द्यावेत, हे मी नोकरीत असताना काउंटरवर हजारदा सांगितले असेल, आणि तरी बहुतेक लोक पहिल्या अहवालानंतर परत येत नसत. आता शौचातील जिआर्डियाचे प्रथिन ओळखणाऱ्या चाचण्याही उपलब्ध आहेत आणि त्या जास्त संवेदनशील आहेत. डॉक्टरांना तसे विचारता येते.

त्या मुलाच्या आईने धीर करून ही गोष्ट ग्रुपवर लिहिली, तेव्हा आणखी तीन घरांतून अशीच तक्रार निघाली. चौकीदाराच्या तीन वर्षांच्या मुलीला तर त्याच्याही आधीपासून जुलाब होते, पण तिच्याकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते.

मग आम्ही संपाचे झाकण उघडले. संपाच्या भिंतीपासून गटाराचे चेंबर जेमतेम दोन हातांवर होते, आणि दोहोंवर सारखीच फरशी असल्यामुळे इतक्या वर्षांत ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. आमच्या प्लंबरने एक जुनी युक्ती केली. संप पूर्ण उपसला, चेंबरचे पुढचे तोंड गोणपाटाने बंद केले आणि कपड्यांना घालायची नीळ बादलीभर पाण्यात कालवून ती चेंबरमध्ये ओतली. मी बॅटरी घेऊन संपाच्या तोंडाशी बसले होते. अर्ध्या-पाऊण तासाने, बाहेरचा पाइप ज्या ठिकाणी भिंतीतून आत येतो तिथल्या सिमेंटच्या भेगेतून निळी धार खाली उतरताना दिसली. दोऱ्याएवढी बारीक, पण थांबत नव्हती. जमलेल्यांपैकी बराच वेळ कोणीही काही बोलले नाही.

चेंबर नव्याने बांधले, पाइपाची जागा बदलली, संपाला आतून गिलावा केला आणि गच्चीवरची टाकी घासून काढली. डॉक्टरांच्या औषधाने मुले बरी झाली आणि त्यानंतर आमच्याकडे नवा रुग्ण आढळलेला नाही. संपात गटाराचे पाणी येत होते एवढे त्या निळीने सिद्ध केले. प्रत्येक मुलाच्या पोटातील जिआर्डिया तिथूनच आला असे मी शपथेवर सांगणार नाही, कारण एकत्र खेळणाऱ्या मुलांमध्ये तो हातांवरूनही पसरतो. पण ती निळी धार पाहिल्यावर दुसरे कारण शोधत बसण्याची गरज आम्हाला कोणालाही वाटली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले तिच्याकडे येते. आमच्या समितीकडे पाण्याच्या तपासणीचा अहवाल होता, आणि त्यावर “पिण्यास योग्य” असे लिहिलेले होते. आपल्यापैकी अनेकांच्या फायलीतही असा कागद असेल. त्यात खोटे काही नव्हते. नेहमीच्या तपासणीत कोलिफॉर्म आणि ई. कोलाय हे जिवाणू आहेत का ते पाहतात, आणि ओटी टेस्टमध्ये थेंब टाकून पाण्याला पिवळा रंग आला की त्यात क्लोरीन शिल्लक आहे असे समजतात. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असे भारतीय मानक सांगते, आणि जिवाणूंपासून संरक्षणासाठी ते उपयोगाचे आहे. जिआर्डियाच्या सिस्टला मात्र कवच असते. एवढ्याशा क्लोरीनमध्ये तिला मारायला काही तासही लागू शकतात, आणि पाणी थंड किंवा गढूळ असेल तर त्याहून अधिक. ज्या संपात गटाराचे पाणी थेंबथेंब सतत उतरत आहे, तिथे आत्ता उतरलेल्या थेंबातील सिस्टला तेवढा वेळ मिळण्याआधीच पंप चालू होतो आणि ती गच्चीवरच्या टाकीत जाऊन पोहोचते. जिवाणू मेलेले असतात, म्हणून अहवाल चांगला येतो. सिस्ट जिवंत असते, आणि तिचा शोध त्या तपासणीत घेतलेलाच नसतो. म्हणूनच संपात टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन देणारी ब्लीचिंग पावडर, थोडी जास्त टाकली की काम झाले, ही आपली समजूत या परजीवीच्या बाबतीत धोक्याची आहे. पावडर टाकू नका असे माझे म्हणणे नाही. ती योग्य प्रमाणात टाकलीच पाहिजे. पण घाण आत येण्याचा रस्ता बंद करण्याला ती पर्याय होत नाही.

आपल्या शहराला पेंच प्रकल्पाचे आणि कन्हान नदीचे पाणी मिळते. जलशुद्धीकरण केंद्रात ते निवळवून, वाळूच्या थरांतून गाळून आणि मग क्लोरीन देऊन सोडले जाते, आणि नीट चाललेल्या गाळणीत बहुतांश सिस्ट अडकतात. क्लोरीन जे करू शकत नाही ते काम वाळू करते. घरात पाणी शुद्ध करणारे मशीन नसेल, तर केंद्रातून निघालेले पाणी आपल्या पेल्यात येईपर्यंत मात्र पुन्हा कुठेही गाळले जात नाही. म्हणून त्यानंतर, म्हणजे गल्लीतल्या पाइपात, आपल्या संपात किंवा आपल्या टाकीत जे मिसळेल, ते थेट पोटात जाते. गल्लीतला पाइप आपल्या अखत्यारीत नसला, तरी फाटकापासून आतला सगळा भाग आपला आहे आणि त्याची जबाबदारी समितीवर येते.

यात टिल्लू पंपाचा उल्लेख टाळता येणार नाही. उन्हाळ्यात दाब कमी पडतो म्हणून नळाच्या लाइनवर थेट मोटर लावून पाणी ओढणे आपल्याकडे इतके रुळले आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटत नाही. महापालिका असे पंप जप्त करते, तेव्हा आपण त्याकडे फक्त पाणीचोरी म्हणून पाहतो. आरोग्याच्या दृष्टीने त्यातली खरी हानी वेगळीच आहे. पाइपात दाब असतो तोवर त्याच्या भेगेतून पाणी बाहेर गळते; मोटरने ओढ बसली की दाब उलटतो आणि भेगेभोवती जी ओल साचलेली असेल ती आत खेचली जाते. पाइप नालीतून किंवा गटाराशेजारून गेलेला असेल, तर ती ओल कसली असते ते सांगायला नको. मोटर लावणाऱ्याबरोबरच त्या लाइनवरच्या सगळ्या घरांना ते पाणी मिळते. कुलर भरतानाही असेच होऊ शकते. नळाला लावलेली नळी आपण कुलरच्या टाकीत तळापर्यंत सोडून देतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. त्याच वेळी नळ गेला आणि पाइप रिकामा होऊ लागला, तर कुलरमधले आठवडाभराचे शेवाळलेले पाणी त्या नळीतून उलट लाइनमध्ये ओढले जाते. नळीचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर ठेवणे एवढाच त्यावर उपाय आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. २००४ मध्ये नॉर्वेतील बर्गन या शहरात जिआर्डियाची मोठी साथ आली. तिथे तलावाचे पाणी क्लोरीन देऊन पुरवले जात होते, पण सिस्ट अडवेल अशी गाळणी त्या व्यवस्थेत नव्हती, आणि गळक्या मलवाहिन्यांतील पाणी तलावात उतरल्याचा निष्कर्ष निघाला. प्रयोगशाळेत निश्चित झालेले रुग्णच बाराशेच्या वर होते. साथ उशिरा लक्षात आली, कारण परदेशप्रवास न केलेल्या माणसाच्या शौचात जिआर्डिया शोधावा असे बहुतेक डॉक्टरांच्या मनात आले नव्हते. परजीवी नाहीसा झाल्यावरही त्यांतील अनेकांना पोटाच्या तक्रारी आणि विलक्षण थकवा काही वर्षे पुरला. सुबत्ता आणि थंड हवा असलेल्या शहरात हे झाले. आपल्या शहरात तर २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले, तेव्हा पार्किंगखालचे कितीतरी संप त्या पाण्याखाली होते. त्यानंतर किती इमारतींनी संप उपसून, घासून, भिंतींच्या भेगा तपासून मगच पाणी वापरायला घेतले, हे प्रत्येक समितीने आपापल्या नोंदवहीत पाहावे.

आणखी एका गोष्टीचे मला फार वाईट वाटते. इमारतीत आजार निघाला की पहिला संशय चौकीदाराच्या कुटुंबावर आणि कामाला येणाऱ्या मावशींवर घेतला जातो. आमच्याकडेही दोघांनी तसे बोलून दाखवले. वस्तुस्थिती अशी होती की चौकीदाराच्या खोलीतला नळ थेट संपावर होता, त्याच्याकडे आर.ओ. नव्हता, आणि वरच्या मजल्यांवरचे लोक जे पाणी मशीनमधून काढून पीत होते तेच पाणी त्याची मुलगी आहे तसे पीत होती. ती आजाराचे मूळ नव्हती. तिला तो सर्वांत आधी झाला एवढेच. तिच्या जुलाबांची वेळीच विचारपूस झाली असती, तर संप महिनाभर आधी उघडला गेला असता. समितीने पाण्याचा विचार करताना त्या खोलीतला नळ पहिल्यांदा धरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जंताच्या गोळीविषयी थोडे स्पष्ट करते. राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलचा एक डोस दिला जातो. तो गोल जंत, चाबूक जंत आणि अंकुश जंत यांच्यासाठी आहे, आवश्यक आहे आणि प्रत्येक मुलाने घेतला पाहिजे. मात्र त्या एका डोसाने जिआर्डिया जाईल असे धरून चालू नये. जिआर्डियासाठी टिनिडाझोल, मेट्रोनिडाझोल, नायटाझोक्सानाइड अशी औषधे आहेत. कोणते, किती आणि किती दिवस हे वय, वजन आणि गरोदरपण पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे असते. औषधाच्या दुकानातून मागच्या वेळच्या चिठ्ठीवर दोन गोळ्या आणून खाणे आणि बरे वाटताच सोडून देणे, यामुळे आजार दबतो आणि पुन्हा उलटतो. बरे झाल्यावरही काही आठवडे दूध पचत नाही असे होऊ शकते. त्यावरून औषध लागू पडले नाही असा निष्कर्ष घाईने काढू नये.

समितीने काय करावे, याबद्दल माझा आग्रह एवढाच आहे की सुरुवात झाकण उघडण्यापासून करावी. संपाची आणि गटाराच्या प्रत्येक चेंबरची जागा नकाशावर नव्हे, प्रत्यक्ष फरशीवर खडूने आखावी. दोहोंत किती अंतर आहे ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते. संप उपसून आतून कोरडा करावा आणि निळीची परीक्षा घ्यावी. ती झाल्यावर संप घासून, धुऊन, निर्जंतुक करूनच पुन्हा भरावा. संपात माणूस उतरवायचा तर झाकण बराच वेळ उघडे ठेवून, हवा खेळवून, वर दुसरा माणूस उभा करूनच उतरवावा, कारण बंद टाकीत जीव गुदमरून माणसे दगावतात. झाकणाची कड फरशीच्या वर उचललेली हवी, म्हणजे पार्किंग धुतलेले पाणी आत जाणार नाही. पाण्याचा नमुना तपासायला द्याल तेव्हा एकाच नळाचा देऊ नका. बाहेरून येणाऱ्या लाइनचा, संपाचा आणि गच्चीवरच्या टाकीचा, असे तीन वेगवेगळे द्या. लाइनचे पाणी चांगले आणि संपाचे वाईट निघाले, तर घाण कुठे मिसळते हे विचारायला कोणाकडे जावे लागणार नाही. लाइनचेच पाणी वाईट निघाले, तर तो अहवाल जोडून पाणीपुरवठा विभागाकडे लेखी तक्रार करता येते, आणि अशा तक्रारीला तोंडी ओरडण्यापेक्षा वजन असते. आणि पावसाळ्याचे चार महिने, दोन घरांत आठवड्याहून अधिक काळ जुलाब असतील तर ते सचिवांना कळवायचे, एवढा एक नियम करावा. कोणाचे नाव ग्रुपवर टाकण्याची गरज नाही.

घरोघरी सांगण्यासारखे थोडेच आहे. पाणी खळखळ उकळून मिनिटभर तसेच उकळू दिले की सिस्ट मरते. यापेक्षा खात्रीचा उपाय मला माहीत नाही. नीट देखभाल केलेले आर.ओ. किंवा यू.व्ही. मशीनही चालते. पण ज्या घरात मशीनचे पाणी पितात त्याच घरात दात टाकीच्या पाण्याने घासतात, कोथिंबीर आणि काकडी त्याच पाण्याने धुतात आणि उन्हाळ्यात बर्फही त्याच पाण्याचा जमवतात, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. तुरटी फिरवल्याने पाणी निवळते, निर्धोक होत नाही. हात धुवायला साबण आणि पाणीच हवे. सॅनिटायझरला सिस्ट फारशी जुमानत नाही. बाळाची लंगोटी किंवा डायपर बदलल्यावर, पाळणाघरातून मूल घरी आल्यावर आणि स्वयंपाकाला बसण्याआधी हात धुतले गेले, मुलांची नखे कापलेली राहिली, तर एका घरातला आजार दुसऱ्या घरात जाण्याची वाट बरीचशी बंद होते.

सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनासाठी १९५८ मध्ये स्थापन झालेली, आज नीरी या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच शहरात आहे. पाणी आणि सांडपाणी यांच्या अभ्यासाची इतकी जुनी परंपरा असलेल्या नागपुरात पार्किंगखालचा संप वर्षानुवर्षे बंद राहतो, ही गोष्ट मला बोचते.

नैर्ऋत्य मोसमी पाऊस नागपुरात साधारणपणे जूनच्या मध्यावर पोहोचतो. त्याआधी आपल्या समितीची एखादी सभा होणारच असेल. तिच्या विषयपत्रिकेवर लिफ्टच्या देखभालीचा करार आणि पार्किंगची आखणी यांच्या आधी “संप उपसून तपासणे” हा विषय घ्यावा, त्यासाठी रविवारची सकाळ ठरवावी, आणि झाकण उघडताना समितीबरोबर ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्या आयांनाही तिथे बोलवावे. शंभर ग्रॅम नीळ आणि एक बॅटरी एवढेच सामान लागते.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
नागपूर